जुनी गाडी मधेच बंद पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, सँट्रो अशा गाड्या अजून मोडीत न काढलेल्या लोकांचे आहेत. त्यामुळे उत्तरंही साधारण १९८५ ते २०१० या काळातल्या पेट्रोल गाड्या धरून दिली आहेत. सीएनजी आणि डिझेलचं शेवटाकडे वेगळं घेतलं आहे. जी गाडी बंद पडली ती पडलीच, तिचं इथे काही नाही. तिचा बिघाड शोधणं सोपं असतं. खरा छळ करते ती चारदा बंद पडून पाचव्यांदा गुमान घरापर्यंत नेणारी.

१. गाडी रस्त्यात बंद पडते, पण गॅरेजला नेली की दिवसभर नीट चालते. मेकॅनिकला काही सापडतच नाही. असं कसं?

बिघाड कायमचा नसतो, ठरावीक परिस्थितीतच तो जागा होतो. कॉइलच्या (प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या भागाच्या) आतली तार गरम झाली की सुटते, गार झाली की पुन्हा टेकते. टाकीतला कचरा पेट्रोलच्या ओढीने जाळीवर येऊन बसतो, इंजिन थांबलं की ओढ थांबते आणि कचरा तळाला जातो. अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीचा, नट खड्ड्यात हलतो. गॅरेजमध्ये बॉनेट उघडं, वारा लागतोय, एसी बंद, खड्डा नाही. गाडीला बंद पडायला निमित्तच उरत नाही.

म्हणून ‘गाडी बंद पडते’ एवढं सांगून चावी देऊ नका. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून ती जिथे बंद पडते तिथपर्यंत न्या. तो नाही म्हणाला, तर पुढच्या प्रश्नातली टिपणं तरी घेऊन जा.

२. बंद पडली त्या वेळी काय काय लिहून ठेवायचं?

सुरू करून किती मिनिटं झाली होती, इंजिन गार होतं की गरम, वेग किती, चढ की सपाट, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती, पाऊस होता का, आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली. मोबाइलमध्ये दोन ओळी पुरतात. अशा चार-पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा एक गोष्ट सगळ्यांत सारखी निघते, आणि तीच तुम्हाला खालच्या योग्य प्रश्नाकडे नेते.

एक गोष्ट मात्र त्याच क्षणी बघावी लागते: डॅशबोर्ड. बंद पडताना चावी ऑन केल्यावर दिसतात ते लाल दिवे लागले, की सगळाच डॅशबोर्ड काळोखा झाला? काळोखा झाला असेल तर थेट प्रश्न १० वाचा, बाकीचं राहू द्या.

३. कोणी म्हणतं करंटचा प्रॉब्लेम, कोणी म्हणतं पेट्रोलचा. ओळखायचं कसं?

बंद पडण्याच्या ढंगावरून. चावी फिरवावी तशी क्षणात बंद पडली, आधी काहीच कुरकुर नव्हती, तर संशय करंटवर. आधी झटके मारले, पिकअप गेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी धाप लागल्यासारखी ओढत राहिली आणि मग थांबली, तर संशय पेट्रोलवर. हा नियम शंभर टक्के नाही. कॉइल मरताना कधी कधी आधी मिसिंगही (मधेच एखादी ठिणगी चुकणं) देते. पण सुरुवात इथूनच करावी.

आरपीएमचा काटा असेल तर आणखी एक खूण मिळते. चालत्या गाडीत, गिअर पडलेला असताना, चाकं इंजिनाला फिरवतच असतात. तरीही काटा एकदम शून्यावर आपटला, तर इग्निशनचा सिग्नलच गेला आहे. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर पेट्रोलकडे बघा.

आणि रस्त्यावरची खरी परीक्षा. डिकीत एक जास्तीचा स्पार्क प्लग ठेवा. गाडी बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टचटचीत ठिणगी दिसली तर करंट आहे. प्लग हातात धरू नका, आणि पेट्रोल किंवा गॅसचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नका. वायर नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारणंही टाळा, त्याने कॉइल आणि इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जातात.

पेट्रोलसाठी कार्बोरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग असलेल्या) गाडीत इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, वरून आत बघत अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो तिथे, सेल्फ न मारता चावी फक्त ऑन करा. टाकीकडून दोन-तीन सेकंद पंपाची घूं घूं ऐकू आली पाहिजे. ती आली म्हणजे पंप फिरतोय एवढंच कळतं. दाब पुरेसा आहे की नाही ते गेज लावल्याशिवाय कळत नाही.

४. घाटात चढताना किंवा उतरताना बंद पडली तर आधी काय करायचं?

चावी काढायची नाही. स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. धोक्याचे चारही दिवे लावा. बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) असलेल्या ब्रेकमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यामुळे ब्रेक पंपासारखा पुन:पुन्हा मारू नका. एकदाच दाबा आणि दाबून धरा. नंतर पेडल दगडासारखं होतं, पण ब्रेक लागतो, ताकद जास्त लावावी लागते. पॉवर स्टिअरिंगही जड होईल.

उतारावर गाडी बंद पडली म्हणून न्यूट्रलमध्ये सोडून ‘खालपर्यंत जाऊ’ असं करणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया नको. कडेला घ्या, चढाकडे तोंड असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. कशेडीत आणि वरंध्यात असे विसरलेले दगड रात्री किती जणांना महागात पडतात ते विचारू नका.

५. अर्धा-पाऊण तास चालवली की बंद पडते, वीस-तीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. हे काय आहे?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. उष्णतेने जागे होणारे चार संशयित आहेत, आणि चौघांनाही थांबून गार झालं की बरं वाटतं, म्हणून गोंधळ होतो.

पहिला, इग्निशन. सीबी पॉइंटवाल्या (करंट तोडणारा यांत्रिक स्विच असलेल्या) जुन्या गाडीत कंडेन्सर आणि कॉइल. पॉइंट नसलेल्या गाडीत डिस्ट्रिब्युटरमधली (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या भागातली) पिकअप कॉइल आणि इग्नायटर. एमपीएफआयमध्ये बऱ्याच गाड्यांत क्रँक किंवा कॅम सेन्सर (इंजिन कुठे फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारे). गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, हे प्रश्न ३ च्या प्लगने सिद्ध झालं की इथे आलात. सेन्सर गार असताना मीटरने मोजून ‘चांगला आहे’ म्हणणं निरर्थक आहे. तो गरम असतानाच मोजायला हवा. हेअर ड्रायरने तापवून मोजणारे हुशार वायरमन आहेत.

दुसरा, पेट्रोलची वाफ. कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. ट्रॅफिकमध्ये तो आणि त्याची नळी तापते, पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंप नुसती हवा ढकलत बसतो. ज्यांनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर चालवली आहे त्यांना पंपावरचा ओला फडका सांगायला नको. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण ही युक्ती अजून चालते आणि निदान म्हणूनही उपयोगी आहे: ओला फडका ठेवून पाच मिनिटांत गाडी सुरू झाली, तर वाफच. उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब घेणं, पंपाखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का ते पाहणं (दुरुस्तीत तो हमखास गहाळ होतो) आणि कूलिंग फॅन वेळेवर लागतोय का ते तपासणं.

तिसरा, एमपीएफआयचा टाकीतला पंप. जुना झाला की गरम झाल्यावर मोटर मंदावते. पेट्रोल नेहमी रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचा हा पंप लवकर जातो, कारण त्याला गार ठेवतं ते पेट्रोलच.

चौथा, मेन रिले किंवा पंपाचा रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी). आतल्या सोल्डरला केसाएवढी चीर पडते आणि डॅशबोर्ड तापला की ती उघडते. बंद पडल्यावर रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. सुरू झाली तर चोर सापडला. स्वस्तातली वस्तू आहे, आणि नेमकी तीच शेवटी तपासली जाते.

६. रस्त्यावर पळते नीट, पण सिग्नलला पाय काढला की बंद. आयडलिंग (पाय न लावता इंजिन चालण्याचा वेग) वाढवून घेतलं तर चालेल का?

चालेल, जसं ताप असताना थर्मामीटर फेकून दिलं तर चालतं. इथे बिघाड बहुतेक फक्त आयडलिंगच्या वाटेत असतो.

कार्बोरेटर असेल तर स्लो जेटमध्ये कचरा, किंवा आयडलचं पेट्रोल सोडणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप). चावी ऑन-ऑफ केल्यावर त्याचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. येत नसेल तर आधी त्याची वायर पाहा, मग सोलेनॉइड. एमपीएफआय असेल तर थ्रॉटल बॉडी (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारा भाग) आणि आयडल व्हॉल्व्हवर काजळी. ती साफ करण्यासाठी योग्य क्लीनर वापरा, सँडपेपर नको.

दोन्हींत समान कारण म्हणजे इंजिन बाहेरून एअर घेतंय. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून, फाटलेल्या व्हॅक्यूम नळीतून, ब्रेक बूस्टरच्या डायफ्राममधून. ब्रेक दाबल्यावरच आयडलिंग कोसळत असेल तर बूस्टरची नळी क्षणभर चिमटून पाहा (गाडी उभी असताना, हँडब्रेक लावून).

नवी बॅटरी बसवल्यापासूनच हे सुरू झालं असेल, तर कॉम्प्युटर आयडलिंगचं शिकलेलं विसरला असण्याची शक्यता आहे. काही दिवस चालवून बघा. तरीही राहिलं तर थ्रॉटल बॉडी मळलेलीच होती आणि कॉम्प्युटर इतके दिवस ते झाकून घेत होता.

७. सकाळी सुरू होते आणि दोन-तीन सेकंदांत बंद. असं पाच-सहा वेळा. मग दिवसभर ठीक. का?

कार्बोरेटर असेल तर आधी चोक. केबल ओढली जाते, पण फडकी पूर्ण बंद होत नाही, असं सर्रास आढळतं. झाकण काढून डोळ्यांनी बघा. एमपीएफआयमध्ये चोकचं काम कूलंटच्या तापमानाचा सेन्सर करतो. तो खोटं बोलला तर कॉम्प्युटर गार इंजिनाला गरम समजून पेट्रोल कमी देतो. साधारणपणे असा सेन्सर २० अंशांना दोन ते तीन किलोओहम दाखवतो आणि तापला की आकडा कमी होत जातो.

दर वेळी अगदी मोजून तेवढ्याच सेकंदांनी बंद पडत असेल आणि किल्लीचा दिवा चमकत असेल, तर तो इंजिनाचा दोष नाही, इम्मोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन बंद करणारी चोरीविरोधी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा.

८. एसी लावला की बंद पडते. कॉम्प्रेसर गेला का?

क्वचित. कॉम्प्रेसर लागताना आयडलिंग आपोआप वर जायला हवं. ते काम जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमवरचा एक छोटा अ‍ॅक्च्युएटर आणि त्याचा व्हॉल्व्ह करतात. नळी निघालेली असते किंवा डायफ्राम फाटलेला असतो. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर. त्यातला एक जरी थोडा मिसिंग असेल तर एसीचा भार तिला झेपत नाही. म्हणून अ‍ॅक्च्युएटर ठीक असेल तर प्लग आणि प्रश्न ६ कडे वळा.

९. फक्त पावसाळ्यात त्रास देते. आणि हल्लीच्या ई२० पेट्रोलमुळे होतंय का?

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण पावसाळ्यात ते एकमेकांत मिसळतात.

ओलाव्याने बंद पडणारी गाडी बहुतेक करंटमुळे पडते. डिस्ट्रिब्युटर कॅपला आतून चीर, प्लगच्या वायरींचं रबर तडकलेलं. रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि फवारणीच्या बाटलीतून वायरींवर पाण्याचं नुसतं धुकं सोडा. निळ्या ठिणग्या पळताना दिसतील. कॅप पुसून गाडी सुरू होते, म्हणून लोक दर पावसाळ्यात पुसत बसतात. कॅप बदला.

ई२० म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. महिनाभर उभी राहिलेली, कमी पेट्रोल असलेली गाडी या फेऱ्यात आधी सापडते. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतं, तो फिल्टरमध्ये येतो. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम फुगतात किंवा कडक होतात. कार्बोरेटरला इंधन बदललेलं कळत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं आणि आधीच काठावर असलेलं आयडलिंग डळमळतं. या पेट्रोलला साजेशा नळ्या घाला, पहिल्या वर्षी फिल्टर दोनदा बदला, कार्बोरेटर पुन्हा ट्यून करून घ्या. सगळा दोष इथेनॉलवर ढकलायची मात्र फॅशन झाली आहे. माझ्याकडे विचारणा आलेल्या ‘ई२०’च्या गाड्यांत फुटलेल्या कॅपही निघाल्या आहेत.

१०. खड्ड्यात आपटली की बंद, किंवा बंद पडताना डॅशबोर्डचे दिवेही जातात.

सैल जोड. बॅटरीचे टर्मिनल हाताने फिरतात का बघा. हिरवट-पांढरी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करा. मग अर्थिंगची पट्टी: बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या धातूवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब.

मग इग्निशन स्विच. इंजिन चालू असताना, गाडी उभी ठेवून, चावी हलकेच डावी-उजवीकडे हलवा. बंद पडली तर स्विच झिजलाय. चावीला लटकवलेला घराच्या किल्ल्यांचा घोस आजपासून वेगळा ठेवा.

चार्जिंगही एकदा मोजा: इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

माझी स्वतःची ८०० याच बिघाडाने दोन पावसाळे नाचवत होती. एका गॅरेजने पंप बदलला, दुसऱ्याने कार्बोरेटरचं किट टाकलं, तिसऱ्याने कॉइल. गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट क्लचचं काम करताना कुणीतरी हातानेच आवळून ठेवला होता. दहा नंबरचा पाना आणि अर्धा मिनिट.

११. लांबच्या प्रवासात तासाभराने दम तोडते, पेट्रोलचं झाकण उघडलं की ‘फुस्स’ होतं आणि मग नीट चालते.

टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. पेट्रोल कमी होत जातं, हवा आत येत नाही, पंपाला ओढवत नाही. झाकण किंचित सैल ठेवून (भरलेल्या टाकीने नव्हे) थोडं अंतर चालवून बघा. त्रास गेला तर झाकण किंवा व्हेंटची नळी. थोडा ‘फुस्स’ आवाज उन्हाळ्यात निरोगी गाडीतही येतो, त्याला घाबरू नका. आत हवा ओढली जातेय की बाहेर येतेय ते ऐका; बाहेर येत असेल तर हे कारण नाही.

टाकी पाव झाली की किंवा वळणावरच बंद पडत असेल, तर टाकीतली जाळी आणि गंज. टाकी उतरवूनच साफ करावी लागते. नुसता फिल्टर बदलला तर महिनाभर बरं वाटतं.

१२. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरमध्येही कोड नाही. मग सेन्सर ठीक आहेत ना?

तसं धरू नका. कोड टाकण्यासाठी कॉम्प्युटरला दोष काही काळ दिसावा लागतो. क्षणभर गेलेला सिग्नल त्याच्या हिशेबात येईलच असं नाही. २०१० पूर्वीच्या अनेक गाड्यांशी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलतही नाही, आणि ‘कनेक्ट होत नाही’ याचा अर्थ कॉम्प्युटर बिघडला असा होत नाही. आधी हे बघा की चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो तरी का. काही सेकंडहँड गाड्यांत बल्बच काढलेला असतो, का ते सांगायला नको.

१३. पेट्रोलवर नीट, सीएनजीवर बंद पडते. म्हणजे दोष किटमध्येच ना?

नेहमी नाही, आणि इथेच पैसे जातात. सीएनजीचं मिश्रण पेटवायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. थकलेले प्लग, वायरी, कॉइल पेट्रोलवर निभावून नेतात आणि गॅसवर उघडे पडतात. आधी ते तपासा, मग गॅसचा फिल्टर, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), सोलेनॉइड. किटच्या कामाला अधिकृत फिटरच हवा.

उलट तक्रार, म्हणजे गॅसवर नीट आणि पेट्रोलवर बंद, वर्षानुवर्षं पेट्रोल न वापरणाऱ्यांची असते. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये थर साचतो, इंजेक्टर चिकटतात. रोज पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

१४. जुनी डिझेल जीप आहे. तिला यातलं काय लागू?

प्लग-कॉइलचं काहीच नाही. डिझेल हवेला घाबरतं. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कुठेही बारीक चीर असली तर डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फिल्टरनंतर थोडी पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर सैल असेल तर डिझेल गाडीसुद्धा चावी फिरवल्यासारखी क्षणात बंद पडते. कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल सोडणारी नवी पद्धत) असेल तर इंजिन चालू असताना नळ्या सैल करू नका. तिथला दाब कातडी फाडतो.

१५. वरचं सगळं करून झालं. तरीही महिन्यातून एकदा बंद पडतेच. आता?

मग आडवळणाची कारणं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा) आतून फुटून त्याचा तुकडा कधी वाटेत येतो, कधी बाजूला होतो. लक्षण असं की चढावर दम नाही आणि एक्झॉस्टचा फुसफुसाट कमी. व्हॉल्व्हचं टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारी जुळणी) फार आवळलेलं असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गाडी आयडलिंगला मरते. गार इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट यात काहीच दाखवत नाही, गरम करून घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या आतली, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सबरोबर (ठिणगीची वेळ मागेपुढे करणाऱ्या भागाबरोबर) हलणारी छोटी वायर रबराच्या आत तुटलेली असते. बाहेरून धडधाकट दिसते, आणि अ‍ॅक्सिलरेटर एका ठरावीक जागी आला की करंट जातो.

आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असेल तर आधीच्या मालकाने चोरीच्या भीतीने बसवलेला छुपा स्विच. कॉइलची किंवा पंपाची वायर कापून तो मधे घातलेला असतो, जोड नुसते पिळून वर टेप मारलेली. वीस वर्षांत टेपचा डिंक वितळतो. ड्रायव्हरच्या सीटखाली, डॅशच्या डाव्या कोपऱ्यात आणि हँडब्रेकच्या रबराखाली हात घालून बघा. आधीच्या मालकाचा फोन नंबर असेल तर त्याला सरळ विचारा, बहुतेक जण हसत सांगतात.